जीर्ण तसबिरीचे काय करावे?

प्रश्न अगदी घरगुती आहे. देवघरातली विठ्ठल-रखुमाईची तसबीर जुनी झाली, कागद तांबूस पडला, काचेला तडा गेला, मागच्या फळीला वाळवी लागली. आता तिचे करायचे काय? माळकऱ्याच्या घरात पिढीतून एकदा तरी हा प्रश्न उभा राहतोच, आणि त्याचे उत्तर कुणाला शोधावे लागत नाही, ते ठरलेलेच असते. आषाढीला नाहीतर कार्तिकीला जाताना बरोबर न्यायची आणि चंद्रभागेत सोडायची. वारी चुकली तर गावची नदी आहे, ओढा आहे. तेही जमले नाही तर पिंपळाच्या बुंध्याशी टेकवून ठेवायची आणि मागे वळून न पाहता घरी यायचे.

या रीतीमागे विचार आहे, तो आधी नीट मांडला पाहिजे. आपली माणसे भोळी होती, पण वेडी नव्हती. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवू नये आणि तिचा अनादरही होऊ नये, या दोन्ही गोष्टी सांभाळायच्या तर तिला पाण्याच्या स्वाधीन करणे हाच मार्ग. जे पंचमहाभूतांतून आले ते त्यांतच परत गेले. शाडूची मूर्ती पाण्यात विरते, हातकागदावरचे मातीचे रंग धुऊन जातात. रूप गेले, नाम राहिले. ज्याने जन्मभर टाळ कुटला त्याला हे आणखी फोड करून सांगायला नको.

परंतु आजची तसबीर शाडूची नाही. तिला काच आहे, खिळे आहेत, लाकडी किंवा प्लॅस्टिकची चौकट आहे, चित्राच्या कागदावरही चकचकीत पापुद्रा चढवलेला आहे. ती विरत नाही, बुडते आणि तळाशी राहते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की वाळूत काचा दिसतात. अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायात देवाच्याच तसबिरीची काच जावी, याला विसर्जन कसे म्हणायचे? एवढे तर कुणीही कबूल करील. चौकट वेगळी करा, काच भंगारात द्या, नुसता कागद काय तो सोडा, असे म्हटले की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो.

मला जो प्रश्न छळतो तो याच्या पुढचा आहे. जो कागद खरोखर विरेल, तोही काही वेळा पाण्यात सोडू नये काय? आणि सोडला नाही तर त्याला ठेवायचे कुठे, कशासाठी? ज्या जागी देवाच्या चित्रापुढे दिवा लागत नाही, नैवेद्य दाखवला जात नाही, अशा संग्रहालयात ते देणे हा देवाचा मान की अपमान?

पालख्यांचा पुण्यात दोन रात्री मुक्काम असतो. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात, तुकोबारायांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात. तिथून बाजीराव रस्ता फार लांब नाही. त्या रस्त्याच्या बाजूला नातूबागेजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्या दुःखातून उठून या गृहस्थाने गावोगाव हिंडून, पदरमोड करून जुने दिवे, अडकित्ते, दौती, दारे, वाद्ये, पेटारे असा संसारातल्याच वस्तूंचा संग्रह केला, त्याला मुलाचे नाव दिले आणि पुढे तो सगळा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. केळकर १९९० साली वारले. संग्रहात वीस हजारांवर वस्तू आहेत, आणि मांडलेल्या आहेत त्या अडीच हजारांच्या आसपास.

या संग्रहात पैठणची चित्रे आहेत. पैठण म्हटले की आपल्याला नाथमहाराज आठवतात. पण त्याच मुलखातली ही चित्रकथींची चित्रे बहुतेक वारकऱ्यांनी पाहिलेली नसतात. रामायण-महाभारतातल्या कथा, ठळक काळ्या रेषा, एका बाजूने दाखवलेले चेहरे आणि त्यांत मोठाले टपोरे डोळे, लाल-पिवळे-निळे भरघोस रंग. एकोणिसाव्या शतकातली ही चित्रे आहेत. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवायचे, म्हणजे एका पानावर दोन्हीकडे चित्र. अशी सुटी पाने एकावर एक रचली की पोथी झाली. चित्रकथी रात्री दिव्याच्या उजेडात बसायचा, एकेक पान उभे करून कथा लावायचा, वाद्याच्या साथीवर गायचा. कीर्तनकार शब्दाने जे करतो ते हा चित्राने आणि शब्दाने मिळून करीत असे. ही काही कालपरवाची कला नव्हे. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही चित्रकथा सांगणाऱ्यांचा उल्लेख सापडतो.

कोकणात कुडाळजवळ पिंगुळी गावी ठाकर समाजात हीच परंपरा आहे, आणि ती अजून जिवंत आहे. तिकडे पोथी जीर्ण झाली की ती विधिपूर्वक पाण्यात सोडण्याची रीत होती. म्हणजे आपल्या तसबिरीला जो नियम तोच त्यांच्या पोथीला. नवी पाने काढणारा हात घरात तयार आहे तोवर या रीतीत तोटा काहीच नाही. जुने पान पाण्यात गेले, मुलाने नवे रंगवले, कथा पुढे चालली. विसर्जन आणि नवनिर्माण ही एकाच रहाटाची पोहरे. पण पैठणकडे रंगवणारे हात थांबले. रहाट थांबल्यावर जे पान पाण्यात जाईल त्याच्या जागी दुसरे येत नाही. त्या वेळी केळकरांसारखा कुणी ‘हे मला द्या’ म्हणून दारात आला नसता, तर पैठणच्या त्या मोठ्या डोळ्यांचे राम-लक्ष्मण आज आपल्याला कुठे दिसले असते?

मला वाटते, विसर्जनाचा नियम खरा आहे, पण त्याला एक अट आहे आणि ती आपण बोलून दाखवीत नाही. मागे दुसरे असेल तर हे सोडावे. ही अट पूर्वी आपोआप पुरी होत होती, म्हणून तिचा उच्चार करावा लागला नाही. आता ती पुरी होते की नाही हे विचारावे लागते.

छापील तसबिरींविषयी तर हे विचारणे फारच अगत्याचे आहे. छापील म्हटले की आपल्याला वाटते, हजारांनी छापली असेल, एक गेली तर काय बिघडले! ही समजूत का चुकीची आहे ते कळण्यासाठी शिळाप्रेसची कृती थोडी सांगतो. जर्मनीत बव्हेरियात एक बारीक पोताचा चुनखडीचा दगड मिळतो. त्याची गुळगुळीत शिळा करायची. तिच्यावर तेलकट शाईने किंवा खडूने उलटे चित्र काढायचे. मग शिळा पाण्याने ओली करायची. जिथे तेलकट रेघ आहे तिथे पाणी धरत नाही, बाकी सगळीकडे धरते. आता छापण्याची शाई फिरवली की ती फक्त रेघेवर बसते, ओल्या दगडावर बसत नाही. वर कागद दाबला की चित्र उठले. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाची शिळा वेगळी, आणि एका कागदावर एकामागून एक सगळ्या शिळांचे ठसे अगदी जागच्या जागी बसले पाहिजेत. काम झाले की शिळा घासून पुन्हा गुळगुळीत करीत, कारण दगड महाग आणि परदेशातून आलेला. काल जिच्यावर लक्ष्मी होती, तिच्यावर उद्या दुसरेच काही. म्हणजे मूळ शिळा शोधायला गेलात तर ती मिळणार नाही. राहिला तो कागद, आणि तो आपल्याच घरात टांगलेला.

पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी चित्रशाळा काढली. तिची रामपंचायतनाची तसबीर घरोघर गेली. १८९४ साली राजा रविवर्म्याने मुंबईला गिरगावात छापखाना घातला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि एका जर्मन तंत्रज्ञाकडे त्याची मालकी गेली. तिथून लक्ष्मी-सरस्वती देशभर पसरल्या. १९७२ साली त्या कारखान्याला आग लागली. जे जळले ते जळले. पण घरोघरच्या भिंतींवर जे होते ते त्या आगीतून वाचले, हे विसरता येत नाही.

या कागदांनी एक असे काम केले आहे की त्याची आठवण वारकऱ्याने तरी ठेवलीच पाहिजे. चोखोबारायांची समाधी महाद्वारापुढे आहे; ती तिथेच का आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, आणि त्याच वर्षी विठोबाचे दार अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्यांना उघडले. तोवर कित्येक पिढ्यांनी कळसाला हात जोडले आणि घरी गेल्या. परंतु तसबिरीला सोवळे-ओवळे नव्हते. चार पैशांचा कागद कुणीही विकत घ्यावा, कुडाच्या भिंतीला लावावा, समोर बसून डोळे भरून पाहावे. देवळात ज्याला उभा असलेला देव लांबूनही दिसला नाही, त्याच्या खोपट्यात तो समचरण येऊन उभा राहिला. कुणाच्या परवानगीने? कुणाच्याही नाही. असा एखादा काजळी धरलेला कागद आज सापडला, तर तो नुसती जुनी तसबीर आहे असे म्हणून पाण्यात सोडण्याचे धाडस मला होणार नाही. तो एका माणसाच्या घराचे देऊळ होता, आणि दुसऱ्या देवळाने काय केले होते याचा साक्षीदारही.

आता पूर्वपक्ष ऐकू. एखादे फडावरचे ज्येष्ठ महाराज म्हणतील, “हे सगळे ठीक आहे हो. पण तुम्ही देवाला कपाटात कोंडता. त्याला दिवा नाही, फूल नाही, एकादशी नाही, द्वादशी नाही. त्यापेक्षा चंद्रभागेचा तळ बरा. तिथे निदान वर टाळांचा गजर तरी ऐकू येतो.”

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, त्यात प्रेम आहे. पण आपल्याच परंपरेकडे नीट पाहिले तर काय दिसते? परचक्राच्या काळात विठोबाची मूर्ती देवळातून हलवून आसपासच्या गावी लपवून ठेवल्याच्या हकिकती आहेत. मूर्ती विजयनगरला गेली होती आणि नाथांचे पणजोबा भानुदासमहाराज यांनी ती परत आणली, असे परंपरा सांगते. लपवलेल्या दिवसांत कुठली महापूजा आणि कुठला काकडा! तरी देव कोंडला असे कुणी म्हटले नाही, देव राखला असेच म्हटले. काही काळ पूजा थांबली, ती पुढच्यांना पूजा करता यावी म्हणून.

आणि लांब कशाला जायचे? पायांवर डोके ठेवून दर्शन घेण्याचे भाग्य पंढरीत आहे. लाखो कपाळे, लाखो हात त्या चरणांना लागतात. दगड झाला तरी किती सोसणार! चरणांची झीज होऊ लागली म्हणून अलीकडच्या काळात मूर्तीला वेळोवेळी वज्रलेप करावा लागला; २०२० सालीही केला. २०२४ साली गाभाऱ्याच्या जतनाचे काम निघाले तेव्हा मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्शदर्शन बंद होते. भाविकांनी मुखदर्शनावर समाधान मानले. तेव्हा कित्येकांच्या जिवाला लागले असेल. पण हात आवरला. प्रेमानेच प्रेमाची वस्तू झिजते, आणि प्रेमानेच ती राखण्यासाठी हात आवरावा लागतो, या दोन्ही गोष्टी आपण पंढरीतच शिकलो. मग कागदाच्या बाबतीत ती शिकवण का विसरायची?

नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. माउलींच्या ग्रंथाला तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षे झाली होती, हाती उतरून घेताना पाठ बिघडले होते. नाथांनी जुन्या प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या, आणि पुढे कुणी आपल्या पदरचे घालू नये असे बजावले. त्या वेळी ‘जुनी पोथी जीर्ण झाली, सोडा गोदावरीत’ असे म्हणणारे सगळेच असते, तर नाथांनी ताडून पाहायचे कशाशी? तुकोबारायांच्या वह्यांची गोष्ट तर आपल्या रक्तातच आहे. त्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि इंद्रायणीने त्या परत दिल्या. देहूला भिजकी वही म्हणून जी जपून ठेवली आहे, तिच्यापुढे आपण माथा टेकतो. वह्या बुडाल्या याचा उत्सव आपण कधी केला नाही. तरल्या याचा करतो. संताजी जगनाड्यांच्या हातच्या वह्या घरात राहिल्या, म्हणून वि. ल. भाव्यांना त्यांवरून गाथा छापता आला. राखणारे घर आणि मागायला येणारा अभ्यासक, दोघेही लागतात.

“पण ती शब्दांची गोष्ट झाली,” असे कुणी म्हणेल. “शब्द एकदा बिघडला की अर्थ बिघडतो. चित्राचे तसे काय? विठोबा तो विठोबाच.” खरेच तसे आहे काय? डोळे मिटून ज्ञानोबामाउली आठवा. जी मूर्ती समोर येते ती कुणी दिली? माउलींच्या काळात काढलेले त्यांचे चित्र आपल्यापाशी नाही. ते रूप कुणा चितारी मनाने पाहिले, मग छापखान्यांनी पसरवले. तुकोबारायांचे तर याहून नवलाचे आहे. १९३६ साली प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ बोलपट निघाला, त्यात विष्णुपंत पागनीसांनी तुकोबांची भूमिका केली. लोक त्यांच्या पाया पडू लागले आणि त्यांचाच चेहरा तुकोबांचा म्हणून देवघरात जाऊन बसला. यात वाईट काही नाही. भावाला चेहरा लागतो, तो मिळाला. परंतु आपण ज्या रूपाचे ध्यान करतो ते कुणाच्या तरी हातचे आहे, अमुक काळचे आहे, आणि आपल्या आधीच्या भक्तांनी दुसऱ्या रूपात तोच भाव ओतला होता, हे माहीत असलेले बरे. नाहीतर एका छापाला आपण देव समजतो आणि दुसऱ्या छापाला खोटा म्हणतो. जुनी चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली की ही आढ्यता गळून पडते. संग्रहालयाने भक्ती कमी होते असे म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावे.

इतके सगळे संग्रहालयाच्या बाजूने बोललो. आता त्याच्या अंगावरचे ऋणही सांगितले पाहिजे. कृपणाने धन पुरून ठेवले तर ते कुणाचेच नाही. वीस हजारांतल्या अडीच हजार वस्तू बाहेर आणि बाकीच्या आत, हे जागेअभावी होते हे मी समजू शकतो, आणि उजेडाने कागदाचा रंग उडतो म्हणून चित्रे सारखी मांडून ठेवता येत नाहीत हेही खरे. पण पाळीपाळीने बाहेर काढता येतात. आणि चित्राखाली नुसते ‘देवतेचे चित्र, एकोणिसावे शतक’ एवढे लिहून भागत नाही. कुठल्या गावातून आले, कसल्या घरात होते, कोण पूजा करीत असे, हे ठाऊक असेल तेवढे लिहिले पाहिजे. ज्या माणसांनी ते झिजवले त्यांना पुसून टाकून उरलेल्या कागदाला कला म्हणणे मला पटत नाही.

कुंकवाचा प्रश्न याच जातीचा आहे. जुन्या तसबिरीवर कपाळाच्या जागी गंधाचा थर असतो, पायाशी कुंकू सांडलेले असते, वरच्या बाजूला उदबत्तीची काजळी. कुणी म्हणेल, हे डाग काढून मूळ चित्र स्वच्छ करावे. माझ्या मते काढू नयेत. चितारी आणि छापखाना यांनी मिळून अर्धे चित्र केले, उरलेले अर्धे त्या घरातल्या सासू-सुनांनी रोज एकेक बोट लावून पुरे केले. कागदाला खाणारी ओल, कसर, वाळवी यांचा बंदोबस्त अवश्य करा. पण बुक्क्याचा डाग हा रोग नाही.

एका परिचिताच्या घरी असा प्रसंग आला तो सांगतो. घर जुन्या माळकऱ्यांचे. भिंत पाडायची होती म्हणून तसबीर उतरवली. काच फुटलेली, कागदाच्या कडा हात लावला की तुकडे पडत. चौकट उकलली तो मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने सालवार लिहिलेले आढळले. अमुक साली आषाढी, बरोबर कोण. अमुक साली पटकी, वारी झाली नाही. अमुक साली धाकटा गेला, तरी गेलो. आजोबांचे अक्षर. घरात दोन तट पडले. नातू म्हणाला, संग्रहालयात देऊ. म्हातारी आजी म्हणाली, “देवाला असे परक्या घरी ठेवायचे नाही. त्यांनी हयातीत सांगितले होते, मी गेल्यावर माझ्यामागे चंद्रभागेत सोडा म्हणून.”

आता इथे काय करावे? गेलेल्या माणसाचा शब्द मोडायचा? तोही लहान धर्म नाही. नातवाने मोबाइलवर फोटो काढून ठेवला आणि म्हणाला, “झाले, आता कागद सोडला तरी चालेल.” पुष्कळ लोक आज असेच करतात. काहीच न करण्यापेक्षा ते बरेच आहे. पण फोटोत पुठ्ठ्याची पाठ नीट येत नाही, शिळेचा दाणा येत नाही, गंधाचा थर तर नाहीच नाही. आणि मोबाइल किती वर्षे टिकतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आजीने मग एकच विचारले, “तिथे कुणी फूल वाहील का?”

“नाही, आजी.”

“निदान कुणी पाहील का? का नुसते पेटीत पडून राहील?”

यावर नातू गप्प झाला. मला वाटते, साऱ्या वादात नेमका प्रश्न आजीनेच विचारला. पूजा न होण्याचे तिला दुःख होते, पण ते ती सोसायला तयार होती. न पाहिले जाणे मात्र तिला सोसवत नव्हते. देव उभा आहे तो दिसण्यासाठी, आणि दर्शन हा आपल्या संप्रदायाचा प्राण. ज्या संग्रहात दर्शन आहे तो परका नाही. जिथे नाही तो कितीही मोठा असला तरी तिथे देणे हे सोडण्यासारखेच. शेवटी त्या घराने असे ठरवले की कागद आणि पुठ्ठा द्यायचा, पण आधी विचारून घ्यायचे, की वर्षातून एकदा तरी तो बाहेर निघेल का, आणि घरचे माणूस पाहायला आले तर दाखवतील का. चौकटीचे लाकूड मात्र आजीने मागून घेतले आणि कार्तिकीला चंद्रभागेकाठी नेले. आजोबांचा शब्दही तिने आपल्यापरीने पाळला.

पिंगुळीला याच प्रश्नाचे आणखी एक उत्तर पाहायला मिळते. परशुराम गंगावणे यांनी तिथे आपल्या गोठ्याच्या जागेत संग्रहालय केले. जुन्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या तिथे आहेत, आणि तीच माणसे त्या पोथ्यांवरून कथाही सांगतात. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांची वस्तू त्यांनीच राखावी आणि त्यांनीच दाखवावी, याहून चांगली सोय ती कोणती? आपल्या मोठमोठ्या फडांच्या मठांत एखादी खोली अशी का नसावी? पंढरपूर, आळंदी, देहू, पैठण इथल्या मठांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या तसबिरी, पोथ्या पडून आहेत. काही माळ्यावर आहेत, काही उंदरांच्या स्वाधीन. लाखांनी मंडप घालणाऱ्यांना एक कोरडी खोली आणि दोन कपाटे जड नाहीत. तिथे सकाळी एक उदबत्तीही लागेल, फक्त कागदापासून चार हात लांब.

तोवर घरच्या घरी करण्यासारखे थोडे आहे. जुनी तसबीर उतरवली की एकदम फेकू नका, आधी चौकट हलकेच उकलून मागची बाजू पाहा. तळाच्या काठावर बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव असेल तर ते टिपून ठेवा. मागची फळी काढून टाका, तिच्यातल्या आंबटपणाने कागद लवकर करपतो. फाटला असेल तर चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकात बंद करून घेऊ नका, खळ लावू नका. खळीवर कसर येते. सपाट ठेवून धुवट सुती कापडात गुंडाळा, जशी दफ्तरे रुमालात बांधून ठेवीत तशी, आणि ओलीच्या भिंतीपासून दूर ठेवा. कागदासोबत एका चिठ्ठीवर लिहा, हे कुणाचे, कुठून आणले, किती वर्षे पूजेत होते. घरात वडीलधारे माणूस असेल तर त्याला विचारूनच लिहा, आणि आजच विचारा. मग पुढच्या आषाढीला पुण्याचा मुक्काम पडेल तेव्हा चिठ्ठी आणि फोटो घेऊन संग्रहालयात दाखवा. अशा तसबिरी त्यांच्याकडे पुष्कळ आहेत असे ते म्हणाले, तर चंद्रभागा पुढे आहेच.